पहिला उभ्याचा

तव्यावर पाण्याचे थेंब उडवून तो तापलाय की नाही ते बघून झालं, आणि त्याचा उजवा हात शेगडीशेजारच्या भिंतीकडे गेला. मान वळली नाही, नजर तव्यावरून हलली नाही. बोटं मात्र फडकं ओढून घ्यायला वाकली आणि भिंतीवर नुसतीच घासली गेली. तिथं फडकं नव्हतं. फडकं नव्हतं, कारण खुंटी नव्हती. या स्वयंपाकघरात त्या भिंतीवर खुंटी कधीच नव्हती. या घरात राहायला आल्यापासून फडकी बेसिनखालच्या खणात असतात, घड्या घालून, आणि हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणजे तिला ठाऊक आहे, कारण बाकीच्यांना फडक्याची गरज कधी पडली नाही. हात क्षणभर तसाच राहिला. मग, आपण मुद्दामच भिंत चाचपत होतो अशा थाटात त्यानं टाईलवर टकटक केलं.

"ही टाईल सैल झालीय का गं?"

"नाही," ती म्हणाली, आणि खणातून फडकं काढून तिनं त्याच्या हातात दिलं. त्यानं ते न बघता डाव्या खांद्यावर टाकलं आणि पळी उचलली.

झालं ते एवढंच. कुणाला सांगायला जावं तर हसं व्हावं. नवरा रविवारी सकाळी बायकोला बाजूला सारून स्वतः पॅनकेक करतोय, हा खरं तर शेजारणींनी जीव टाकावा असा प्रसंग. पण तिच्या पोटात काहीतरी खाली गेलं, लिफ्ट सुटताना जातं तसं. लिफ्टची उपमा तिला सुचली ती त्याच्यामुळेच. तो लिफ्ट तपासायचा. इमारतींच्या माथ्यावर चढून दोर बघायचा, ब्रेक बघायचा, खाली येऊन सही करायचा, की लोकांनी निर्धास्त वरखाली करावं. गुरुवारी तो दुसऱ्या शहरात जायचा, कारण तिथल्या उंच इमारतीही त्याच्याच वाट्याला होत्या. रात्री तिथंच राहायचा आणि शुक्रवारी संध्याकाळी हाताला ग्रीसचा वास घेऊन परत यायचा. कित्येक वर्षं हे असंच चाललं होतं आणि तिला त्याचं काही वाटत नव्हतं. गुरुवारी रात्री ती पलंगावर आडवी-तिडवी कशीही झोपायची, आणि खरं सांगायचं तर तिला ते आवडायचं.

आणि या माणसाला चहासुद्धा येत नव्हता. हे सासूबाईंचं वाक्य. "आमच्याकडच्या पुरुषांना चहासुद्धा येत नाही," असं त्या नव्या सुनेला सांगायच्या आणि मुलाला पदक मिळाल्यासारख्या हसायच्या. एकदा ती तापानं फणफणली होती, मुलगी तेव्हा शाळेत जायला लागली नव्हती. त्यानं सूप गरम करायला ठेवलं, पातेल्याचं बूड काळं करून ठेवलं, आणि मग दोघींना ब्रेड-जाम आणून दिला. जाम पसरलेला नव्हता, एका कोपऱ्यात त्याचा ढीग होता आणि बाकी ब्रेड कोरडा. मायलेकी पोट धरधरून हसल्या होत्या. तोही ओशाळून हसला होता. त्याचं ते अनाडीपण तिनं जपून ठेवलं, ती काम करायची त्या लॅबमधल्या बायकांना तिखटमीठ लावून सांगितलं. "माझ्यावाचून उपाशी मरेल हा माणूस," असं ती तक्रारीच्या सुरात म्हणायची, पण ते म्हणताना आत कुठंतरी ऊब वाटायची. संसारात तिला पक्कं असं फार काही मिळालं नव्हतं; हे एक होतं.

आज सकाळी खरं म्हणजे पॅनकेक तीच करणार होती. त्यासाठी पहाटेच उठली होती. मुलगी काल संध्याकाळी आली होती, पुष्कळ महिन्यांनी आली होती, आणि मागच्या खेपेला जे झालं ते पुसून टाकायला तिच्या हातात ही एकच सकाळ होती. दुपारच्या गाडीनं मुलगी परत जाणार होती. मागच्या खेपेला बटर झालं होतं. नवरा गुरुवारी जायचा त्याच शहरात मुलगी शिकत होती, आणि शिकता शिकता ती व्हीगन झाली. दूध बंद, अंडी बंद, मधसुद्धा बंद. "मधमाशीनं तुझं काय घोडं मारलंय?" असं आईनं फोनवर विचारलं होतं आणि मुलगी हसली नव्हती. मग ती घरी आली तेव्हा आईनं सूप केलं, आणि तिला वाटलं, एवढंसं बटर घातल्यानं कुठं आकाश कोसळतंय. पोरीच्या गालाची हाडं वर आली होती. मुलीनं दोन चमचे खाल्ले आणि विचारलं, "यात बटर आहे का?" आई म्हणाली, "नाही गं." मुलीनं उठून कचऱ्याच्या डब्याचं झाकण उघडलं. बटरचा कागद वरच होता. लपवायचीही अक्कल सुचली नव्हती. मुलगी तेव्हा जे बोलली ते तिच्या कानात अजून जसंच्या तसं होतं. "बटरचं जाऊ दे, आई. माझ्या तोंडावर खोटं बोललीस. माझ्याशी काहीही कर, भांड, मार, पण खोटं बोलू नकोस. या घरात निदान आपण दोघी तरी." आणि ती त्याच रात्री निघून गेली होती. त्यानंतर फोन आले, पण ते हवामानाचे आणि परीक्षेचे.

'निदान आपण दोघी तरी.' हे शब्द आईला तेव्हा रागाचे वाटले होते, पण नंतर लॅबमध्ये काम करता करता त्यातली माया लक्षात आली आणि ती त्या शब्दांवर जगली. तिनं सोयाचं दूध आणलं, अंड्याऐवजी जवस आणलं, आणि नवरा नसेल त्या दिवशी एकटीच पॅनकेक करून बघितले. एकदा केळं कुस्करून घातलं तर लगदा झाला. एकदा तव्याला असे चिकटले की खरवडून काढावे लागले. जवस भिजवून घातल्यावर जरा बरे झाले, पण आत कच्चे. तिनं ते सगळे कच्चे, करपलेले पॅनकेक एकटीनं उभ्याउभ्या खाऊन टाकले, कुणाला दिसू नयेत म्हणून. आणि आज सकाळी, मुलगी अंघोळीला गेलेली असताना, पहिलाच पॅनकेक तव्यावर फाटला तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. नवरा मागं येऊन उभा होता. "सर," तो म्हणाला, "मी बघतो." ती इतकी थकली होती की खरंच सरली. तिला वाटलं, जळवेल, मग तिघं मिळून हसू. जाम-ब्रेडसारखं.

त्यानं तिचं पीठ बाजूला ठेवलं. "हे फार फेटलंयस," तो म्हणाला, आणि नवं घेतलं. सोयाच्या दुधात त्यानं चमचाभर व्हिनेगर टाकलं आणि ते तसंच ठेवून दिलं. दूध फाटल्यासारखं झालं, तरी तो घाबरला नाही. पीठ, बेकिंग पावडर, मीठ एकत्र करताना त्यानं मापी भांडं मागितलं नाही. भिजवलेलं जवस बोटानं उचलून तार येते का ते बघितलं. मग दूध ओतलं आणि काट्यानं हलकेच ढवळलं, आणि ज्या क्षणी कुणीही नवशिका आणखी चार फेरे मारील त्या क्षणी तो थांबला. पिठात गाठी होत्या.

"गाठी आहेत अजून," ती म्हणाली.

"असू दे. राहू दे दहा मिनिटं. आता हात लावायचा नाही."

'आता हात लावायचा नाही' हे बोलणं त्याचं नव्हतं. ते कुणीतरी त्याला सांगितलेलं होतं, पुन्हा पुन्हा सांगितलेलं, त्याच्या हातावर चापट मारून सांगितलेलं. हे तिला कळलं, कारण हाताचं तिला कळायचं. तिचा सगळा जन्म त्यातच गेला होता. ती डेंटल लॅबमध्ये कवळ्या करायची. न पाहिलेल्या माणसांच्या तोंडात बसतील असे दात मेणात उभे करायची. नव्या मुली शिकायला यायच्या त्या तिच्याच हाताखाली. प्लास्टरचं भांडं हातात धरल्याबरोबर तिला समजायचं, ही पहिल्यांदा करतेय, ही दहाव्यांदा, आणि ही तोंडानं काहीही म्हणो, हिनं दुसऱ्या लॅबमध्ये वर्षभर काढलंय. नवशिक्याचा हात फार हलतो. त्याला थांबायचं कुठं ते कळत नाही. सरावलेला हात कमी हलतो, आणि त्यातही जी माणसं एखाद्याच्या शेजारी उभं राहून शिकलेली असतात त्यांच्या हाताला शिकवणाऱ्याची लकब येते. ती लपत नाही. लॅबचे साहेब गमतीनं म्हणायचे, बाईंपुढे हात खिशात घालून बोलावं.

तिनं नवऱ्याचा हात बघितला. पळी त्यानं भांड्याच्या मधोमध न बुडवता कडेनं सरकवली, म्हणजे फुगलेलं पीठ बसू नये. तव्यावर ओतताना मनगट वर उचललं आणि शेवटी किंचित उलटं वळवलं, थेंब गळू नये म्हणून. ते वळवणं बाईचं होतं. इतक्या वर्षांच्या संसारात त्यानं मनगट असं कधी वळवलं नव्हतं. त्यानं साधं पाणी ओतलं तरी पेल्याबाहेर सांडायचं. मग तो थांबला. कडा कोरड्या पडेपर्यंत, वरचे बुडबुडे फुटून त्यांची भोकं तशीच उघडी राहीपर्यंत थांबला. उलथणं घालून बघितलं नाही, दाबलं नाही. शेगडीची आच त्यानं न वाकता कमी केली, पण बटण उलट्या बाजूला फिरवलं, ज्योत भसकन वाढली, आणि "अरे" म्हणून त्यानं ते नीट केलं. म्हणजे तिथल्या शेगडीचं बटण उलट फिरतं. खुंटी उजव्या हाताला, खांद्याच्या उंचीवर. दहा मिनिटं पीठ राहू द्यायचं, तेवढ्यात काय करत असतील? कॉफी पीत असतील. खिडकी असेल का? तिनं स्वतःला विचारायला नको होतं, पण ती ते स्वयंपाकघर रचत गेली, ठशावरून तोंड रचत जावं तसं, आणि कुठंच अडलं नाही.

तर असं होतं. दुसरं स्वयंपाकघर होतं आणि त्यात एक बाई होती. बाईशिवाय पुरुषाला खुंटीची सवय होत नाही, निदान या पुरुषाला नाही. तिला वाटलं होतं, असं काही कधी कळलं तर छातीत कळ येईल, भांडी फेकावीशी वाटतील, पलंगाचे विचार येतील. तसलं काहीच आलं नाही. तिला दुखलं ते भलतंच. तो तिथं शिकला. इथं त्याला पेला विसळता आला नाही, आणि तिथं कुणीतरी म्हणालं असेल, चल ये, हे ढवळ, आणि हा गेला असेल. ढवळलं असेल. चुकला असेल, पुन्हा केलं असेल, परत पुढच्या गुरुवारी. जन्मभर ज्याला ती अनाडी म्हणून सांभाळत आली तो अनाडी नव्हताच. तिला त्यानं फक्त आपला अनाडीपणा दिला होता, आणि कौतुकानं सांभाळायला दिल्यासारखा दिला होता. कानामागून आलेली ती कोण ती, तिला मात्र हात मिळाले. मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात. इथं तर दूधही सोयाचं, आणि मांजर बायकोच्याच शेगडीपुढं उभं राहून पीत होतं. हे सुचून तिला हसू आलं आणि त्या हसण्याची तिलाच भीती वाटली.

पहिला पॅनकेक त्यानं उलटला. एका बाजूनं फिका, एका बाजूनं डागाळलेला. पहिला तसाच होतो. तेवढ्यात मुलगी अंघोळ करून आली. केस ओले, अंगात तिचाच जुना सैल शर्ट, पाय अनवाणी. ती आली ती सरळ बापाच्या मागं, डाव्या अंगाला उभी राहिली, टेबलाकडे गेली नाही. बापानं तो पॅनकेक उलथण्यावरून चिमटीत धरला आणि मागं न बघता डाव्या खांद्यावरून पाठीमागं केला. मुलीनंही न बघता, केसांचं पाणी एका हातानं पिळत, दुसऱ्या हातानं तो घेतला, तोंडात कोंबला आणि भरल्या तोंडानं म्हणाली,

"पहिला उभ्याचा!"

तव्यावर दुसरा पॅनकेक पडला होता त्याचा बारीक आवाज तेवढा येत होता. मुलीचं चावणं मंदावलं. बापाची मान पुढं झुकली, पिठात काहीतरी पडल्यासारखा तो भांड्यात बघू लागला, आणि त्याचे कान मागून लाल होत गेले. लग्नाआधी त्याचे असेच कान लाल व्हायचे.

"हे काय गं?" आईनं विचारलं. तिचा आवाज तिला स्वतःलाच चांगला वाटला, अगदी रोजचा. "पहिला कुणाचा?"

"अगं, ते..." मुलगी घास गिळत म्हणाली. "हॉस्टेलवर म्हणतो आम्ही. पहिला नीट होत नाही ना, मग जो उभा असेल त्याचा."

"हॉस्टेलवर शेगडी आहे?"

"कॉमन आहे एक. वरच्या मजल्यावर."

"बरंय," आई म्हणाली. मुलीनं खोटं बोलताना नजर चुकवली नव्हती. चांगलं बोलली. बटरचा कागद वर ठेवणारी ती नव्हती.

प्रत्येक घराची म्हणून काही बोलणी असतात. या घरातही होती. टीव्हीचा रिमोट हरवला की 'कवळीखाली बघा', कुणी उशिरा आलं की 'लिफ्ट अडकली का', मुलगी जेवताना पाय हलवायला लागली की 'इंजिन बंद'. ही बोलणी बाहेरच्या माणसाला समजत नाहीत आणि समजावून सांगितली तर त्यात काही मजा उरत नाही. ती तयार व्हायला पुष्कळ जेवणं एकत्र व्हावी लागतात. 'पहिला उभ्याचा' हे तसलं होतं. एकानं न बघता द्यायचं आणि दुसरीनं न बघता घ्यायचं, दोघांच्या हातांमधलं ते अंतर मोजून पक्कं झालेलं. हे एकदोनदा जाऊन होत नाही. तिथं मुलगी बसते. उभी राहते, म्हणजे घरच्यासारखी वागते. ओले केस घेऊन येते, म्हणजे तिथं अंघोळही करते. आणि हे व्हीगनचं खूळ कुठून आलं, याचं उत्तर आईला आता कुणी द्यायला नको होतं. ज्या बाईच्या घरात अंड्याशिवाय पॅनकेक होतात त्या बाईच्या टेबलाशी बसून पोरीनं दूध सोडलं होतं. आईचं दूध, असं तिच्या मनात आलं, आणि तिनं ते मनातून ढकलून दिलं. तसलं रडकं काही तिला आत्ता परवडणार नव्हतं.

पण सगळ्यात कडू हे नव्हतंच. सगळ्यात कडू हे होतं की तिनंच पाठवलं होतं. मुलीचं तिकडं शिकायचं ठरलं तेव्हा तीच म्हणाली होती, "बरं झालं, तुमचा गुरुवार तिथंच असतो. तिला भेटत जा, एकटी पडेल पोर." त्यानं तेव्हा का-कू केलं होतं. काम फार असतं, वेळ मिळत नाही. तिनं पिच्छा पुरवला. डबे भरून दिले, स्वेटर दिला, उशीचे अभ्रे दिले. गुरुवारी सकाळी त्याच्या पिशवीत कोंबून द्यायची आणि शुक्रवारी विचारायची, "कशी आहे? जेवलात ना दोघं एकत्र?" तो म्हणायचा, "जेवलो." खरंच जेवले होते. तो खोटं बोलत नव्हता, कारण तिनं खोटं बोलावं लागेल असा प्रश्नच कधी विचारला नव्हता. ते अभ्रे आता कुठल्या उशांवर असतील हेही तिच्या मनात येऊन गेलं.

नवरा गेला असता तर ती उभी राहिली असती. हे तिला स्वच्छ कळत होतं. कवळ्या होत्या, पगार होता, गुरुवारची सवय होती; सगळे वार गुरुवार झाले असते. पण मुलगी? ज्या मुलीनं याच स्वयंपाकघरात, याच कचऱ्याच्या डब्यापाशी उभं राहून तिला सांगितलं होतं, माझ्याशी खोटं बोलू नकोस, निदान आपण दोघी तरी. तेव्हा तिला हे सगळं ठाऊक होतं. कदाचित म्हणूनच तशी ओरडली होती. कदाचित तिला सांगायचं होतं आणि आईनं बटरचं खोटं बोलून तोंड बंद केलं. असं असेल तर मग दोष... नाही, आईनं स्वतःला थांबवलं. दोष आपल्याच अंगावर ओढून घ्यायची ही जुनी खोड आहे. आपलेच दात आणि आपलेच ओठ. चावलं तर ओरडायचं कुणाच्या नावानं? पण दोष आज तिचा नव्हता. आज ती पहाटे उठली होती.

टेबलावर तिघं बसली. पॅनकेक एकसारखे आले होते, गोल, मऊ, कडेला किंचित कुरकुरीत. त्यानं वर सफरचंदाच्या फोडी घातल्या होत्या. आईनं एक तुकडा तोंडात घातला. चांगला होता. जवसाचा वास नाही, सोयाचा उग्रपणा नाही. ती ज्याच्यासाठी इतके दिवस झगडली ते हे होतं, आणि ते इतकं सोपं होतं. व्हिनेगर. गाठी. थांबणं. कुणीतरी शेजारी उभं राहून सांगायला हवं होतं, इतकंच.

"मस्त झालेत, बाबा," मुलगी म्हणाली. मग आईकडे बघून घाईघाईनं, "आई, तूच सगळं सामान आणलंस ना? थँक्यू गं."

"यूट्यूबवर बघितलं मी," नवरा म्हणाला. त्याला कुणी विचारलं नव्हतं. "सोपं असतं."

"हो ना," आई म्हणाली. "दिसतंच आहे."

"दालचिनी घातली असती तर आणखी..." मुलगी बोलता बोलता थांबली.

"तिथं घालतात?"

"कुठं?"

"हॉस्टेलवर."

"हां. कधीकधी."

मुलीचे पाय टेबलाखाली हलायला लागले. 'इंजिन बंद' असं म्हणायचं होतं, पण कुणी म्हटलं नाही. आईनं तिच्याकडे नीट बघितलं. गालाची हाडं आता वर नव्हती. पोरीनं बाळसं धरलं होतं, केसांना तेज होतं. कुणीतरी तिला चांगलं खाऊ घालत होतं. आई म्हणून तिला बरं वाटायला हवं होतं, आणि भयंकर गोष्ट अशी की तिला जरासं बरं वाटलंही. त्या बाईचा तिला खरा राग आला तो तेव्हा. ती वाईट असती, पोरीला उपाशी ठेवणारी, नाकानं कांदे सोलणारी असती, तर काहीतरी करता आलं असतं. चांगली होती, म्हणून काही करता येत नव्हतं.

घड्याळाकडे कुणी उघड बघत नव्हतं, पण दुपारची गाडी टेबलावर येऊन बसली होती. नवरा म्हणाला, "मी सोडतो तिला स्टेशनवर." मुलगी म्हणाली, "मी जाईन रे, जवळ तर आहे." दोघांनाही एकमेकांशी बोलायचं होतं, हे आईला उघड दिसलं. स्टेशनच्या वाटेवर ते बोलतील. कळलं असेल का तिला? नाही रे, कुठं कळतंय. आणि पुढच्या गुरुवारी तिथं, त्या टेबलाशी, त्या बाईसमोर हे सांगून होईल. बाई म्हणेल, बिचारी. आई सगळं सोसायला तयार होती, पण तिथल्या टेबलावर बिचारी म्हणून वाढलं जायला ती तयार नव्हती. आणि ओरडायलाही नव्हती. ओरडली असती तर ते दोघं एकीकडे झाले असते आणि ती एकीकडे. ओरडणाऱ्या माणसाला सोडून जाणं सोपं असतं.

ती उठली. भांड्यात पीठ थोडं उरलं होतं.

"अगं बस ना," नवरा म्हणाला. "मी टाकतो."

"बसा तुम्ही," ती म्हणाली.

तिनं तवा पुसला, पुन्हा तापू दिला, थेंब उडवून बघितले. पळी कडेनं सरकवली. ओतलं, आणि शेवटी मनगट उलटं वळवलं, त्यानं वळवलं होतं अगदी तसं, त्या बाईनं त्याला शिकवलं असेल तसं. एकदा बघितलेलं तिच्या हातात उतरायचं. त्याचाच तर पगार घ्यायची ती. पाठीमागं काटे-चमचे थांबले होते. तिनं वळून बघितलं नाही. कडा कोरड्या पडल्या, बुडबुडे फुटले, भोकं उघडी राहिली. तिनं उलटला. तिच्या हातून कधी झाला नव्हता इतका नीट झाला होता. तिनं तो चिमटीत उचलला. बोटं भाजत होती, पण गरम मेण उचलायची सवय असलेल्या बोटांना तेवढं चालतं. आणि मागं न बघता तिनं तो डाव्या खांद्यावरून पाठीमागं केला.

कुणी घेतला नाही.

वाफ तिच्या कानाला लागत होती. खुर्ची सरकल्याचा आवाज येईल म्हणून तिनं वाट बघितली. खुर्ची सरकली नाही. तिच्या पाठीला दिसत होतं, ते दोघं आता एकमेकांकडे बघत असतील, आणि त्यांना आता वाटेत काही विचारायचं उरलं नसेल. हात खाली घ्यायचा नाही असं तिनं ठरवलं, आणि थोडा वेळ नाही घेतला.

"आई," मुलगी म्हणाली. फक्त एवढंच, आणि लहानपणी काही फुटलं की यायचा त्या आवाजात.

"उभं कुणी नाही का?" तिनं विचारलं.

कुणी नव्हतं. दोघंही बसलेली होती. उभी ती एकटीच होती. मग तिनं हात परत पुढं घेतला आणि तो पॅनकेक स्वतःच खाल्ला, शेगडीपाशी, भिंतीकडे तोंड करून, शेवटच्या घासापर्यंत. जीभ भाजली. चांगला झाला होता.